सात ओल्या पिशव्या

१

तीनशे पाच पिशव्यांत माती निघाली आणि सातांत सोनं.

सोनं शोधायला आलेल्या माणसांना सोनं सापडलं तर त्यांनी नाचायला पाहिजे की नको? पण शुक्रवारी सकाळी कॅम्पचा साहेब तारमो यानं प्रयोगशाळेचा कागद जेवणाच्या टेबलावर आपटला आणि म्हणाला, "कुणीतरी आपल्या मातीत सोनं मिसळलंय."

ओइव्हा चुलीपाशी लापशी ढवळत होता. कॅम्पचा आचारी तो, सौना म्हणजे वाफेची न्हाणी तापवणारा तो, ओल्या मातीच्या पिशव्या वाळत घालणारा पण तोच. वय चोपन्न. मागच्या वर्षी त्यानं तारमोसाहेबाच्या तपासायच्या मातीत पितळेचा कीस टाकून साहेबाला अर्धा दिवस हर्षवायू करवला होता. त्यामुळं आता सगळ्यांच्या माना एकदम त्याच्याकडं वळल्या.

"माझ्याकडं काय बघताय? ते पितळ होतं. सोनं परवडत असतं तर इथं तुमची लापशी ढवळत बसलो असतो का?"

कुणी हसलं नाही.

"तू नाहीस रे," तारमो म्हणाला. "त्या सात जागा मी परत खणल्या. यंत्र लावून बघितलं. ठणठणाट! म्हणजे सोनं जमिनीत नव्हतंच, नंतर पिशवीत आलं. आता सांगा, पिशव्या पेटीत कुणी भरल्या? पेटीला चिकटपट्टी कुणी लावली? सही कुणाची?"

सही विल्याची होती. ओइव्हाच्या धाकट्या बहिणीची पोरगी, वय सव्वीस, चार उन्हाळे गिरमिट खांद्यावर टाकून दलदली तुडवलेली. ती उभी राहिली. रागानं तिचे कान लाल झाले होते.

"मी कशाला घालीन सोनं?"

"कंपनीनं पुढंही खणावं, तुझं काम चालू राहावं म्हणून. उद्या दुपारी रोव्हानिएमीच्या मुख्य कचेरीतून मारकेत्ताबाई येतायत. पोलिसांत तक्रार देणार." तारमोनं कागदाची घडी घातली. "आणि या भागात माती खणणाऱ्या सहा कंपन्या आहेत. सहाही जणांना मी कालच फोन करून तुझं नाव कळवलंय. उगाच त्यांची फसगत नको."

ओइव्हाच्या हातातला डाव लापशीत पडला. या धंद्यात पोरीचं नाव गेलं म्हणजे सगळंच गेलं. लॅपलँडमध्ये असं नाव कळवलेल्या माणसाच्या हातात कुणी फावडंसुद्धा देत नाही.

२

विल्या लाकडाच्या ढिगापाशी उभी राहून कुऱ्हाडीनं ओंडके फोडत होती. गरज नव्हती. नुसता राग काढत होती.

"त्या गाढवाला एवढं कळत नाही, मामा? मला फसवायचं असतं तर मी नीट फसवलं असतं!"

"म्हणजे कसं? शिकव तरी."

"इथं हिमयुगात मैलभर जाडीचा बर्फ होता ना? तो सरकताना खालचा खडक खरवडून नेतो. म्हणजे खडकात सोनं असेल तर त्याची माती एका बाजूला लांबत जाते, शेपटीसारखी. आम्ही ती शेपटी शोधतो आणि शेपटीवरून जनावर. मला खोटं सोनं घालायचं असतं तर मी झकास शेपटी काढली असती. हे काय? चार पिशव्या माझ्या ओळीतल्या, तीन ओत्सोच्या. दोन्ही ओळींत तीन किलोमीटरचं अंतर! कुणीतरी थुंकी उडवल्यासारखं सोनं उडालंय."

"ओत्सोच्या बोटात अंगठी आहे," ओइव्हा हळूच म्हणाला.

कॅम्पचा नियम साधा होता. आल्या आल्या अंगठ्या, साखळ्या, डूल सगळं डब्यात. सोन्याची अंगठी घालून मातीत हात घातला तर माती सोन्याची होते आणि कंपनी वेडी. पण विल्याबरोबर माती खणणाऱ्या ओत्सोची लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली होती. त्यानं वर पट्टी गुंडाळली होती.

"अंगठीतून सोमल येतो का?" विल्यानं विचारलं.

"काय?"

"कागद नीट बघ ना! त्याच सात पिशव्यांत सोन्याबरोबर सोमल आहे, आर्सेनिक, ढीगभर. अंगठीत सोमल नसतो. तो खडकात असतो. मामा, हे सोनं कुणी सोनाराकडून आणलेलं नाही. हा फुटलेल्या दगडाचा चुरा आहे."

तिनं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि वर बघितलं.

"अजून एक. कागदावर तारीख सोमवारची आहे. आज शुक्रवार. चार दिवस हा माणूस कागद खिशात घालून काय करत होता?"

३

ओत्सो तळ्याच्या धक्क्यावर बसून बूट धूत होता. अंगानं अस्वल, मनानं ससा. ओइव्हा शेजारी बसला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. ओत्सो लगेच दचकला.

"मी काही केलं नाही!"

"मी विचारलंय का काही? अंगठी कशी आहे?"

"पट्टीत आहे. आणि विल्याच्या पिशव्यांना मी हातसुद्धा लावला नाही. तिच्या चार पिशव्यांत कसं गेलं मग?"

मुद्दा बिनतोड होता. ओइव्हानं मान डोलावली.

"बरं, पिशव्या वाळत होत्या तेव्हा तू कुठं होतास?"

ओत्सो बुटाच्या टाचेकडं टक लावून बघायला लागला. "शुक्रवारी होतो. रविवारी होतो."

"शनिवारी?"

"शनिवारी आराम. वहीत लिहिलंय तसं."

"वहीत मीच लिहिलंय ते, बैला."

ओइव्हाला कळलं की ओत्सो खोटं बोलतोय, कारण तेच खोटं तो स्वतःही बोलला होता. पण ते नंतर.

"या आठवड्यात साहेबानं तुला वेगळं काही काम सांगितलं?"

"मंगळवारी सौन्याच्या भट्टीतले दगड बदलायला सांगितले. म्हणाला, वाफेनं डोकं दुखतं. शहरातून नवे दगड आणले होते त्यानं, स्वतःच्या गाडीतून. जुने मी तळ्यात टाकले, इथंच, धक्क्याच्या पलीकडं."

"स्वतःच्या गाडीतून!" ओइव्हा उठला. "जो माणूस स्वतःचा कप धूत नाही, तो सौन्यासाठी दगड वाहून आणतो?"

"मला वाटलं, सुधारला."

"ओत्सो, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून जगात लबाडांची चैन आहे."

४

ओइव्हानं खोलीत येऊन विल्याची वही उघडली. प्रत्येक भोकाची नोंद होती: वर शेवाळ, मग राखेसारखा पांढरट थर, त्याखाली गंजलेल्या लोखंडासारखा तांबडा. नमुना त्या तांबड्यातलाच घ्यायचा. शेवटच्या रकान्यात 'कोरडं' किंवा 'ओलं'.

त्यानं सोन्याचे सात आकडे शोधले. ओलं. ओलं. ओलं. चार पिशव्या, चारही दलदलीच्या काठच्या. ओत्सोची वही काढली. तीन पिशव्या. ओलं, ओलं, ओलं.

त्यानं दोन्ही वह्या शेजारी ठेवून आकडे पुन्हा वाचले.

पिशव्या वाळवायच्या त्या आठवड्यात पाऊस थांबत नव्हता. तंबूत काही वाळेना, म्हणून ओइव्हानं सगळ्या पिशव्या सौन्यात दांडीवर टांगल्या होत्या, तोंडं उघडी ठेवून. आणि सगळ्यांत ओल्या सात? त्या भट्टीच्या डोक्यावर. कुणीही शहाणा माणूस तेच करील.

नियम असा होता की पिशव्या वाळत असताना सौना घ्यायचा नाही. पण मधे शनिवार आला! पावसात आठवडाभर भिजलेली चार माणसं, दारात तापलेली भट्टी आणि शनिवार. सौना चुकवायचा? त्यापेक्षा मेलेलं काय वाईट. चौघंही घुसले. साहेबसुद्धा. तापल्या दगडांवर डावानं पाणी ओतलं की चरचर आवाज व्हायचा, दगड तडतडायचे, कपच्या उडायच्या. बाहेर आल्यावर चौघांनी एकमेकांना शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, आणि वहीत लिहिलं, 'आराम'.

आणि वास! त्या दिवशी सौन्यात लसणाची फोडणी दिल्यासारखा वास सुटला होता. ओत्सो बिचकला होता. साहेब तर ओइव्हावरच खेकसला होता, "पाण्यात लसूण टाकलास ना, माकडा?" विल्यालाही तेच खरं वाटलं होतं.

तो वही घेऊन धावतच विल्याकडं गेला. "सोमल असलेला दगड तापला तर कशाचा वास येतो?"

"लसणाचा. पहिल्या वर्षाला शिकवतात."

"म्हणजे तारमोलाही शिकवलं असणार."

"मामा, तुझा चेहरा का असा झालाय?"

"कारण भट्टीत ते दगड मी रचले, विल्या. पिशव्या मी टांगल्या. पाणीसुद्धा जास्त मीच ओतलं. तुझ्या मातीत सोनं मी घातलंय."

५

विल्यानं त्याला मारलं नाही, एवढाच तिचा मोठेपणा. दहा मिनिटं ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग तिनं दम घेतला.

"दगड आणले कुठून?"

"मागच्या कोठीत पडले होते. बिनझाकणाची लाकडी पेटी. वसंतात कॅम्प लावला तेव्हा तारमोला विचारलं, हे घेऊ का? म्हणाला, ने, ती लेम्पी म्हातारीची अडगळ आहे."

लेम्पीआजी गावाच्या टोकाला राहायची. वय एक्याऐंशी, पाठ ताठ. या भागात पिढ्यान्‌पिढ्या रीतच आहे, जंगलात वेगळा दगड दिसला की फोडून, पेटीत घालून खडक तपासणाऱ्यांकडं पाठवायचा, झाकणावर अर्ज चिकटवायचा, नाव लिहायचं, जागा लिहायची. खरंच काही निघालं तर शोधणाऱ्याचं नाव लागतं आणि बक्षीस मिळतं. लेम्पीआजीनं दोन वर्षांपूर्वी अशी पेटी तारमोकडं दिली होती. मामा-भाची थेट तिच्या घरी गेली.

"आणि त्यानं हे पाठवलं," आजी म्हणाली. पत्र तिनं चौकटीत घालून संडासाच्या दारावर आतून ठोकलं होतं. "रोज बघते. राग ताजा राहतो."

ओइव्हानं आत उभं राहून वाचलं. *आपले दगड तपासले. साधे, निरुपयोगी. कृपया पुन्हा पाठवू नयेत. तारमो पिहलाया.*

"तपासले म्हणे!" आजी बाहेरून ओरडली. "एक दगड जरी फोडला असता तरी आत चमक दिसली असती. मी आंधळी आहे का? चाळीस वर्षं हे जंगल तुडवलंय मी! आणि परवा बुधवारी हा बाबा केक घेऊन दारात. म्हणतो, आजी, ते जुनं पत्र परत द्या, नोंदी नीट करायच्यात. केक ठेवून घेतला. त्याला हाकलला."

विल्या पायरीवर बसून फोनवर बोटं चालवत होती. खाणीसाठी कुणी कुठली जमीन राखून ठेवली, ते सरकारी नकाशावर कुणालाही बघता येतं.

"सापडलं," ती म्हणाली. आवाज थंड झाला होता. "याच बुधवारी. सातू पिहलाया, म्हणजे त्याची बायको. तिनं कारहूआपाची सगळी दलदल राखून ठेवलीय. मामा, त्याला सोमवारीच सगळं कळलं! कागद बघितला, लसूण आठवला, दगड आठवले. मंगळवारी दगड बुडवले. बुधवारी जमीन घेतली, आणि शुक्रवारी मला चोर ठरवलं, म्हणजे सोनं आलं कुठून ते पुन्हा कुणी विचारायलाच नको!"

"कुठली जमीन म्हणालीस?" लेम्पीआजीनं विचारलं.

"कारहूआपा."

आजी आधी खोकली असं वाटलं. मग लक्षात आलं, ती हसतेय. इतकी हसली की तिला पाण्याच्या पिंपावर बसावं लागलं.

"काय झालं?"

"उद्या मला कॅम्पवर घेऊन चला," ती डोळे पुसत म्हणाली. "बरोबर साडेबाराला. सगळे जेवताना असू देत."

६

मारकेत्ताबाई हाडकुळ्या आणि घाईतल्या. तक्रारीचा कागद त्यांच्यापुढं होता, पेन हातात. तारमो शेजारी बसून बटाटे खात होता. ओइव्हा आत आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला, नुसत्या चड्डीवर, आणि हातात बादली. मागं विल्या आणि लेम्पीआजी.

"हे काय नाटक?" तारमो ओरडला.

"तुमचे दगड, साहेब. तळ्यात पडले होते, उचलून आणले. सवय आहे मला तुमचं आवरायची." त्यानं बादली टेबलावर उपडी केली. विल्यानं यंत्र एका दगडाला लावलं आणि पडदा बाईंकडं वळवला.

"सोमल," बाई हळूच म्हणाल्या. "बापरे. हा दगड कुठला?"

मग ओइव्हानं सगळं सांगितलं. ओल्या सात पिशव्या, भट्टीवरची दांडी. शनिवारही सांगितला. ओत्सोनं तोंड हातांत लपवलं. बाईंनी चौघांकडं असं बघितलं की दुधाचं दही व्हावं.

"पिशव्या टांगलेल्या असताना सौना?"

"शनिवार होता, बाई," ओइव्हा म्हणाला.

बाई रोव्हानिएमीच्या असल्या तरी शेवटी इथल्याच. त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. मूर्खपणा होता. गुन्हा नव्हे."

"गुन्हा आता येतोय," ओइव्हा म्हणाला. "साहेब, हे दगड लेम्पीआजीच्या पेटीतले. ओळखता?"

"मी ती पेटी कधी उघडलीच नाही," तारमो म्हणाला. "अर्ज वाचला नाही, दगड बघितले नाहीत. मला काय माहीत त्यात काय होतं?"

"मग हे काय?" आजीनं चौकट टेबलावर ठेवली. खिळ्यासकट. बाईंनी वाचलं. 'तपासले' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"तपासलं म्हणून खोटं लिहिलंत?"

तारमोचा चेहरा उतरला, पण माणूस पट्टीचा. "चूक झाली. कामाचा ताण होता. आळस म्हणा. पण त्यासाठी मला चोर म्हणणार?"

"बुधवारी तुमच्या बायकोनं कारहूआपा राखून ठेवली," विल्या म्हणाली. "का?"

"तिची मर्जी. मी नकाशा बघून सुचवलं. बर्फ कुठून सरकला, खडक कुठला असेल, त्यावरून अंदाज बांधला. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे माझा! शास्त्र आहे ते."

"शास्त्र!" लेम्पीआजी काठी टेकत पुढं आली. "पोरा, कारहूआपात कधी गेलायस? तिथं पाच मीटर नुसता चिखल आहे. वीतभर माती नाही, मुठीएवढा दगड नाही. माझं एक रेनडिअर तिथं बुडालं ते शिंगासकट. कुठल्या शास्त्रानं तुला तिथं सोनं दाखवलं?"

"पण अर्जात तर..." तारमो बोलून गेला, आणि तोंड उघडंच राहिलं.

आजीनं काठी टेबलाला टेकवली.

"अर्जात तर कारहूआपाच लिहिलंय," आजी शांतपणे म्हणाली. "मीच लिहिलं. खोटं लिहिलं. ते दगड मला हिल्लाची पिवळी फळं वेचताना सापडले, आणि माझी हिल्लाची जागा मी कुणाला सांगत नाही. नवऱ्याला सांगितली नाही, तो मेला तरी. मी तुला सांगणार? सगळ्या जगात या दगडांपुढं कारहूआपा हे नाव फक्त त्या एका झाकणावर होतं. आणि तू म्हणतोस, अर्ज वाचलाच नाही!"

मारकेत्ताबाईंनी पेनाला टोपण घातलं. तक्रारीचा कागद उलटा केला. मग मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा टोपण काढून लिहायला लागल्या. वर तारमोचं नाव घातलं.

"विल्या, सोमवारपासून कामावर ये," त्या न बघताच म्हणाल्या. "लेम्पीबाई, खरी जागा सांगाल? बक्षीस तुमचंच. नावही तुमचंच लागेल."

"नाही," विल्या म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"सोमवारी नाही. आधी यानं सहा फोन करायचे. ज्या सहा लोकांना माझं नाव चोर म्हणून सांगितलं, त्यांनाच. इथं बसून, मोठ्या आवाजात, आम्हाला ऐकू येईल असं."

"पत्र पाठवू की," बाई म्हणाल्या.

"बदनामी फोनवर केलीय. पत्र कुणी वाचत नाही."

"आणि तोवर माझं तोंड बंद," लेम्पीआजीनं खुर्ची ओढली. "सहावा फोन झाल्याशिवाय जागेचा 'ज' नाही."

तारमोनं बाईंकडं बघितलं. बाईंनी फोन त्याच्याकडं सरकवला.

पहिल्या फोनवर तो नुसता पुटपुटला. "ऐकू येत नाही," ओत्सो म्हणाला. ओत्सो! तारमोनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: मी तारमो, मी खोटं बोललो, पोरगी स्वच्छ आहे. दुसऱ्यानं पलीकडून शिव्या घातल्या. तिसऱ्यानं विचारलं, मग सोनं आलं कुठून, आणि तारमोला सौनाही सांगावा लागला. पलीकडं कुणीतरी खुर्चीवरून पडल्याचा आवाज आला. चौथा, पाचवा. घाम त्याच्या नाकावरून बटाट्यांत टपकत होता. सहावी बाई म्हणाली, "विल्या तिथं आहे का? तिला विचारा, आमच्याकडं येते का. तुमच्यापेक्षा जास्त देऊ."

"विचार करते," विल्या मोठ्यानं म्हणाली. मारकेत्ताबाईंचं पेन थांबलं.

"सोमवारी नव्या करारावर बोलू," बाई घाईनं म्हणाल्या. "गटाची प्रमुख म्हणून."

लेम्पीआजी उठली. तिनं भिंतीला टेकवलेलं गिरमिट उचलून विल्याच्या हातात दिलं.

"चल. दाखवते. पण दगड तिथले नाहीत हं, बर्फानं कुठून तरी वरून आणलेत. वर कुठं ते तू शोध, ते तुझं काम. आणि हिल्लावर पाय देऊ नकोस."

दोघी दारातून बाहेर पडल्या. ओइव्हानं घाईघाईत पँट चढवली, एका पायात बूट घातला आणि मागं धावला. गुंता त्यानं सोडवला होता! तळ्यात तो उतरला होता! ती जागा बघायचा हक्क त्याचाच होता.

कुंपणापाशी म्हातारी वळली आणि काठी आडवी धरली.

"तू नाही."

"का? मी काय केलं?"

"ओइव्हा," लेम्पीआजी म्हणाली, "तुझं तोंड फार मोठं आहे."

विल्यानं मागं वळून बघितलं. कालपासून पहिल्यांदा ती हसली. मग दोघी झाडांत शिरल्या, आणि ओइव्हा एका पायात बूट घालून कुंपणापाशी उभा राहिला, शिव्या देत.